दोरीच्या आत

आपेन्झेल, एप्रिलचा शेवटचा रविवार, १९९१

चाळीस वर्षं ओटिलियाने तलवार पुसली.
आधी बापाची, मग बेदाची,
धाकटा विसाव्यात आला तेव्हा त्याचीही.
शिलाई मशीनचं तेल, जुन्या परकराचा तुकडा,
मुठीच्या खाचेतलं काळं काढायला
भरतकामाची सुई.
तलवार कापत काहीच नाही.
कमरेला असली की माणूस मतदार,
एवढंच तिचं काम.
चौकात दोरी बांधायचे. आत तलवारी,
बाहेर बायका, पोरं, कुत्री
आणि परगावचे फोटोवाले.

गेल्या एप्रिलला आत विचारलं गेलं:
बायकांना घ्यायचं का?
हात उठले. मोजायची वेळच आली नाही.
घरी येऊन बेदा म्हणाला, सूप झकास झालंय.
मग चमचा खाली ठेवून,
अगं, देऊ की कधीतरी. मनं उदार आहेत आमची.
पण आमचं आम्ही ठरवू,
लोझानच्या कोर्टाने शिकवायचं नाही.

ओटिलिया पांढऱ्या रुमालावर
पांढऱ्याच धाग्याने पान भरत होती.
असलं काम उजेडात तिरकं धरल्याशिवाय दिसत नाही.
ती काही बोलली नाही.
तिच्या बोलीत हे जमणार नाही,
पण माझ्या भाषेत
उदार आणि उधार यांच्यात
फक्त एका श्वासाचा फरक आहे.

नोव्हेंबरात निकाल रेडिओवर आला,
दूध काढताना. गाय हलली नाही.
जुन्या घटनेत ‘देशवासी’ हा शब्द होताच.
कोर्टाने तो खोडला नाही, नवा घातला नाही,
नुसता पुन्हा वाचला
आणि म्हटलं, यात बायकाही येतात.
मग इतकी वर्षं त्या शब्दात
आम्ही कुठं बसलो होतो, ओटिलियाने गायीला विचारलं.

बहीण वालबुर्गा म्हणाली, मला नको बाई.
तीन तास चौकात उभं राहायचं, माझे गुडघे बघ.
आणि बेदाचं म्हणणंही
अगदीच खोटं नव्हतं.
गावाला नको ते वरून लादायचं,
हे कसलं स्वातंत्र्य?
दिवा मालवल्यावर ओटिलियाने हा प्रश्न
कूस बदलत बराच वेळ उलटासुलटा केला.
पहाटे त्यातून दुसराच निघाला:
गाव म्हणजे कोण कोण?

आज सकाळी तलवार खुंटीवर होती,
जिथल्या तिथे. न पुसलेली.
बेदाने बघितलं, तशीच कमरेला लावली.
ओटिलियाच्या पर्समध्ये एक कार्ड,
दुधाच्या पावतीएवढं.
दोरीपाशी पोऱ्याने ते तपासलं,
पोऱ्या म्हणजे तिने शाळेत विणकाम शिकवलेला.
‘या,’ म्हणाला, आणि लाजला.

पहिले तीन ठराव कसे गेले
तिला आता आठवत नाही.
चौथा सांडपाण्याच्या नळाचा:
ओढ्यात सोडायचं थांबवून
तो वरच्या कुरणांतून न्यायचा का?
वरची कुरणं बेदाची.
खाली ओढ्याकाठी वालबुर्गा राहते.

हात वर करणं म्हणजे आमच्याकडे
अंग काढून घेणं.
त्या चौकात उलटं होतं.
तिने हात वर केला,
बाही कोपरापर्यंत घसरली,
सुईने घट्टे पडलेलं बोट उघड्या आभाळात,
साऱ्या गावासमोर,
आणि पुढच्या तिसऱ्या रांगेत
मान वळवून पाहणारा बेदा.

नळ मंजूर झाला. थोडक्यात.

रात्री सूपवर दोघं गप्प.
मग तो उठला, कपाटं उघडली, मिटली,
पुन्हा उघडली.
तेल कुठं ठेवतेस?
मशीनच्या खालच्या खणात, ती म्हणाली.
तो दिव्याखाली बसला, चष्मा कपाळावर,
पातं घासू लागला.
ओटिलियाने थोडा वेळ बघितलं
आणि सुई त्याच्यापुढे धरली.
आधी खाचेतलं काढ. ते राहून जातं.